खुर्चीचं भाडं : कॉफीशॉपच्या 'तिसऱ्या जागे'ची एक तपासणी



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, कॉफीशॉपवर कसलं व्याख्यान द्यायचं? कॉफी प्यावी आणि उठावं. पण हे 'उठावं' आहे ना, तोच आमचा आजचा मुद्दा आहे. किती वेळाने उठावं, कोणी उठावं, आणि कोणाला मुळात बसायलाच मिळत नाही, एवढंच आज आपण तपासणार आहोत.

गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्यात प्रभात रस्त्यापासून बाणेरपर्यंत आणि मुंबईत वांद्र्यापासून काळ्या घोड्यापर्यंत लहानलहान कॉफीशॉप निघाली. साखळीतली नव्हेत, कोणा एका-दोघांनी स्वतःचे पैसे घालून काढलेली. आपण त्यांना स्वतंत्र कॉफीशॉप म्हणू. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं, त्यात तीन क्रियापदं हमखास येतात. इथे या आणि काम करा, काही निर्माण करा, माणसांना भेटा. आणि या तिन्हींच्या वर एक छत्री धरलेली असते, ती म्हणजे 'तिसरी जागा' ही कल्पना. या कल्पनेत खरं किती आणि जाहिरात किती, ते आधी बघू.

ही कल्पना रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची. त्यांचं 'द ग्रेट गुड प्लेस' हे पुस्तक १९८९ साली आलं. घर ही माणसाची पहिली जागा, कामाचं ठिकाण ही दुसरी. या दोन्हींच्या बाहेर जिथे माणूस सहज जाऊन बसतो, ती तिसरी. कॅफे, दारूचा गुत्ता, केशकर्तनालय, पुस्तकांचं दुकान, काहीही. तिची लक्षणंही ते देतात. तिथे दर्जा दाराबाहेर ठेवावा लागतो, गप्पा हा मुख्य उद्योग असतो, रोजचे ठरलेले लोक असतात, जागा दिसायला साधी असते, आणि येण्याजाण्यावर कसलं बंधन नसतं. आपल्याकडच्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही. पार, चावडी, कट्टा हे आपण पिढ्यान् पिढ्या ओळखतो. पुढे स्टारबक्ससारख्या कंपनीने हीच कल्पना उचलली, आणि समाजशास्त्रातला शब्द दुकानाच्या पाटीपर्यंत पोचला.

आमचे या कल्पनेवर दोन आक्षेप आहेत. पहिला सोपा आहे. ओल्डनबर्ग लिहीत होते तेव्हा टेबलावर लॅपटॉप नव्हता. आज सकाळी अकरा वाजता यातल्या कुठल्याही दुकानात डोकावून बघा. प्रत्येक टेबलावर एक माणूस, कानात बोंडं, समोर पडदा. जागा तिसरी, पण चाललंय ते दुसऱ्या जागेचं काम. गप्पा हा मुख्य उद्योग असेल, तर तिथे तो चालत नाही. दुसरा आक्षेप खोलवरचा आहे. दर्जा दाराबाहेर ठेवावा लागतो असं ओल्डनबर्ग म्हणतात, ते आपोआप घडतं असं समजून. इतिहास तसं सांगत नाही. दारावर नेहमीच काहीतरी वसूल केलं जातं. कधी पैसे, कधी जात, कधी बाई असण्याची किंमत, कधी भाषा. त्या वसुलीला आम्ही खुर्चीचं भाडं म्हणतो. कॉफीशॉप ओळखायचं तर कॉफीच्या चवीवरून ओळखू नका, या भाड्यावरून ओळखा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आता थोडा इतिहास बघू, कारण कॉफीहाउसची कीर्ती इतिहासाच्या जोरावरच उभी आहे.

लंडनमधलं पहिलं कॉफीहाउस १६५२ सालचं धरतात. पुढे तिथे रीत पडली, की एक पेनी द्यायची आणि हवा तेवढा वेळ बसायचं, वर्तमानपत्र वाचायचं, वाद घालायचा. म्हणून लोक या जागांना पेनीची विद्यापीठं म्हणू लागले. राजा दुसरा चार्ल्स या गप्पांना इतका वैतागला, की १६७५ च्या डिसेंबरात त्याने कॉफीहाउसं बंद करण्याचा जाहीरनामा काढला, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतला. युर्गेन हाबरमास या जर्मन विचारवंताने १९६२ च्या आपल्या ग्रंथात याच जागांना आधुनिक लोकमताच्या पाळण्यांपैकी एक मानलं. पण १९९० साली नॅन्सी फ्रेझर यांनी विचारलं, की या पाळण्यात झोपायला कोणाला मिळालं? बायका आणि कष्टकरी तर वगळलेलेच होते. म्हणजे पेनी हे सांगण्यापुरतं भाडं. खरं भाडं होतं पुरुष असणं, आणि दुपारच्या वेळी मोकळं असणं.

आपल्याकडे हे भाडं वेगळ्या चलनात घेतलं गेलं. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हाताशी ठेवला. नंतर गोपाळराव जोशी यांनी ही नावं वर्तमानपत्रात छापून आणली, आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. विचार करा, देशाला दिशा देऊ पाहणारी माणसं एका कप चहामुळे जातीबाहेर जाण्याच्या बेतात आली. ज्या शहरात आज आपण 'या, बसा, माणसांना भेटा' म्हणतो, त्याच शहरातली ही गोष्ट आहे.

कोल्हापुरातली गोष्ट याच्या उलट टोकाची. गंगाराम कांबळे या महार समाजातल्या माणसाने शाहू महाराजांच्या मदतीने चहाचं हॉटेल काढलं. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायचे, चहा मागवायचे, आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. जगभरच्या कॉफीहाउसांच्या इतिहासात या हॉटेलाला मानाचं पान मिळायला हवं. ओल्डनबर्ग म्हणतात तशी दर्जा दाराबाहेर ठेवायची गोष्ट तिथे घडली, पण आपोआप घडली नाही. त्यासाठी एका राजाला रोजच्या रस्त्यात गाडी थांबवावी लागली.

आता इराण्याकडे वळू. मुंबईत आणि पुण्यात इराणी हॉटेलाचं महत्त्व इथे आहे, की त्याने जात विचारली नाही. मुंबईत कयानी १९०४ सालचं, पुण्यात गुडलक १९३५ सालचं. ब्रून मस्का आणि चहा, संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या. हमाल, कारकून, पत्रकार, कॉलेजातली पोरं सगळी एकाच टेबलावर. पण इराण्याचं फार गोड चित्र काढायचं कारण नाही. त्याच्या भिंतीवर सूचनांचा फलक असायचा. हे करू नका, ते करू नका, फार वेळ बसू नका. निसिम इझिकेल यांनी त्या फलकाचीच कविता केली, इतका तो फलक प्रसिद्ध. तरीही लोक बसायचे. म्हणजे नियम कडक, पण वसुली ढिली. ही ढिलाई कुठून आली? मालकाच्या दिलदारपणातून काही अंशी आली असेल. पण मुख्यतः ती जुन्या, गोठलेल्या जागाभाड्यातून आली. जागा स्वस्त होती, म्हणून खुर्ची स्वस्त होती. आणि जिथे जिथे जागेचा भाव वाढला, तिथे तिथे ती हॉटेलं एकेक करून मिटली.

अरुण कोलटकरांचं उदाहरण सगळे देतात, आम्हीही देतो, पण थोडं वेगळ्या कारणासाठी. काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये ते वर्षानुवर्षं बसत. गुरुवारी मित्रमंडळी जमत. खिडकीतून जो चौक दिसायचा, त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह उभा राहिला, तो २००४ साली प्रकाशित झाला. कॉफीशॉपवाले हे उदाहरण सांगतात तेव्हा सुचवतात, की बघा, कॅफेत बसलं की साहित्य होतं. आम्हाला त्यातला वेळ दिसतो. एका चौकाकडे इतकी वर्षं बघत राहायचं तर ती खुर्ची रोज परवडली पाहिजे, आणि आज काय लिहिलंस असं कोणी विचारता कामा नये. आणि दुसरं म्हणजे, कोलटकर ज्यांच्याविषयी लिहीत होते ती माणसं आत नव्हती, फुटपाथवर होती. खिडकीच्या आत आणि बाहेर हे अंतर तेव्हाही होतंच. मोठा कवी ते अंतर विसरत नाही. आपण विसरतो.

वसुली ढिली ठेवायचा आणखी एक मार्ग या देशात काढला गेला होता. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं, कॉफीचा खप वाढावा म्हणून. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही कॉफीगृहं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती स्वतः चालवायला घेतली. तुरा लावलेला वाढपीच जिथे मालक आहे, तिथे गिऱ्हाइकाला उठवायची घाई कोणाला असणार? दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस आणीबाणीत १९७६ साली पाडलं गेलं. चार्ल्स राजापासून आणीबाणीपर्यंत सत्तेला एकाच गोष्टीची धास्ती वाटत आली आहे. माणसं स्वस्तात आणि बराच वेळ एकत्र बसली, की बोलायला लागतात.

हे सगळं पाठीशी ठेवून आता आजच्या स्वतंत्र कॉफीशॉपकडे बघू. आणि आधी मालकाच्या बाजूने बघू, कारण मालकाला नफेखोर म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

समजा, वीस खुर्च्यांचं दुकान आहे, रोज बारा तास उघडं. म्हणजे दिवसाला २४० खुर्ची-तास. जागेचं भाडं, पगार, वीज, यंत्राचा हप्ता मिळून महिन्याला तीन लाख खर्च धरा, दिवसाला १०,००० रुपये. सगळ्या खुर्च्या कायम भरलेल्या असतील, तर एका खुर्चीचा तासाचा खर्च साधारण ४२ रुपये. पण असं कधी होत नाही. निम्म्या भरल्या, तर ८३ रुपये. आता कॉफीचा कप २२० रुपयांना, त्यात दूध, बिया, कर वगैरे ६० धरा. उरले १६०. म्हणजे दोन तासांची खुर्ची. आकडे आम्ही मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला, निष्कर्ष फारसा बदलणार नाही. कॉफीच्या नावाखाली आपण दोन तासांची जागा विकत घेतो. एका कपावर पाच तास बसणारा माणूस पुढच्या तीन तासांचं भाडं मालकाच्या खिशातून भरत असतो. मग शनिवार-रविवारी लॅपटॉप बंदीची पाटी येते, भिंतीतले प्लगपॉइंट झाकले जातात, वायफायचा पासवर्ड बिलावर छापून दोन तासांनी बदलतो. हा कंजूसपणा नाही. दाखवायचं नसलेलं भाडं असं आडमार्गाने वसूल होतं.

मॉस्कोत २०११ साली झिफरब्लाट नावाचं दुकान निघालं, तिथे कॉफी फुकट आणि पैसे मिनिटांचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण यात एक प्रामाणिकपणा आहे. काय विकतोय ते त्यांनी सरळ सांगितलं. आपल्या कॉफीशॉपच्या फळ्यावर मात्र बाकी सगळं सांगितलेलं असतं. बी चिकमगळूरचं की अराकूचं, मळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, फळ धुतलेलं की उन्हात वाळवलेलं. माहिती खरी असते, चांगली असते. फक्त खुर्चीबद्दल एक ओळ नसते.

आता त्या तीन क्रियापदांकडे परत येऊ. काम, निर्मिती आणि भेटीगाठी ही तीन कामं एकाच खुर्चीकडून मागणं म्हणजे त्या खुर्चीला तीन बाजूंनी ओढणं आहे. कामाला शांतता, प्लग आणि लांब बैठक लागते. गप्पांना गलका लागतो, खुर्च्या सरकवायची मुभा लागते, शेजारच्या टेबलाने मध्ये तोंड घातलेलं चालावं लागतं. निर्मितीला तर याहून अवघड गोष्ट लागते. माणसांत असावं पण कोणी हटकू नये, आणि हे रोज परवडावं. यातलं कोणतं जिंकतं? ज्याच्यामागे पगार आहे ते. म्हणून दुकानं हळूहळू कामाच्या बाजूला कलतात, कारण कंपनीचा माणूस दिवसाला तीन कप घेऊ शकतो. कवी एक घेतो. गप्पा मारणारी चार पोरं मिळून दोन घेतात. दुकान वाईट माणसाचं असो की चांगल्या माणसाचं, आकड्यांचा कल तोच राहतो.

पण इथे थांबलो तर आम्ही पक्षपात करू. जुन्या हॉटेलांच्या आठवणीत रमणाऱ्यांना, आणि आपल्यात ते पुष्कळ आहेत, एक गोष्ट दिसत नाही. कट्टा, टपरी, अमृततुल्य या जागा स्वस्त आहेत, पण तिथे एकटी मुलगी दोन तास बसू शकते का? बसली तर किती नजरा झेलेल? 'व्हाय लॉयटर?' हे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईवरचं पुस्तक २०११ साली आलं. त्याचा गाभा हा, की सार्वजनिक जागेत बाईला सतत कारण दाखवावं लागतं. कामाला चाललेय, खरेदीला आलेय. नुसतं असणं तिला परवानगीतलं नाही. कॉफीशॉपने तिला एक कारण दिलं. लॅपटॉप उघडा ठेवला, की ती कामात आहे. मग तो उघडा ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली, तरी कोणी विचारत नाही. वेगळ्या जातीधर्माच्या दोघांना शेजारीपाजारी न घाबरता तासभर बोलता येतं, तेही इथेच. ही लहान गोष्ट नाही. २२० रुपयांत काहींसाठी कॉफी येते, काहींसाठी सुरक्षितता येते. आमचं दुःख एवढंच, की ती सुरक्षितता २२० रुपयांनाच मिळते.

आणि हे भाडं फक्त रुपयांत नाही. पुण्यातल्या यातल्या बहुतेक दुकानांत पाट्या इंग्रजी, मेनू इंग्रजी, मागणी नोंदवायची ती इंग्रजीत किंवा हिंदीत. कोणी मराठीला मनाई केलेली नाही. पण गावाकडून आलेला मुलगा काचेच्या दाराशी अडखळतो, तो किमतीआधी या भाषेला अडखळतो. पदार्थाचं नाव चुकीचं उच्चारलं तर काय, ही भीती आतल्यांना हसण्यासारखी वाटेल. बाहेरच्याला ती उंबरठ्यासारखी असते.

तो मुलगा मग कुठे बसतो? सदाशिव पेठेत, नवी पेठेत, अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो मुलं महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची, एक टेबल आणि एक दिवा घेतात. खोलीत चौघं राहतात, अभ्यासाला जागा नाही, म्हणून खुर्ची विकत. तिथे कॉफी नाही, गप्पा नाहीत, 'निर्मिती' हा शब्द नाही. त्याच शहरात दोनतीन किलोमीटरवर दुसरी मुलं कॉफीच्या नावाने खुर्ची विकत घेतात. दोघांनाही हवंय तेच, बसायला जागा. दोघंही भाडं भरतात. पण एकमेकांना भेटायची एकही खोली या शहरात त्यांच्यासाठी नाही. लोकमताचा पाळणा वगैरे आपण म्हणतो, तो इथे मोडतो.

एके काळी हे काम वाचनालयं करायची. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ सालची, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९८ सालची, आणि राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. या परंपरेत मोफत वाचनकक्ष ही साधी गोष्ट होती. त्याची मर्यादा ही, की तिथे बसता येतं पण बोलता येत नाही. कॉफीशॉपमध्ये बोलता येतं पण फुकट बसता येत नाही. जिथे फुकट बसता येईल आणि बोलताही येईल अशी जागा पूर्वी चौकात, पाराखाली, बागेत होती. तिथे आता वाहनतळ आहे, किंवा बाक काढून टाकलेत. नागरिक म्हणून आपण जी जागा महापालिकेकडे मागायला हवी, ती आपण वीस खुर्च्यांच्या दुकानदाराकडे मागतोय, आणि तो देऊ शकत नाही म्हणून त्याच्यावर रुसतोय. त्याच्यावरही हा अन्यायच आहे.

मग कॉफीशॉपकडून काहीच मागायचं नाही का? मागायचं, पण त्याच्या आवाक्यातलं. आम्ही तीन कसोट्या सुचवतो.

पहिली, यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती आहे, आणि ती घेणाऱ्याशी वागणूक तीच राहते का? साधा चहा किंवा फिल्टर कॉफी पन्नास-साठ रुपयांत ठेवणं बऱ्याच दुकानांना जमतं. ठेवत नाहीत, कारण त्या कपाने दुकानाचा दर्जा उतरेल असं वाटतं. दुसरी, निदान एक लांब टेबल असं आहे का, जिथे अनोळखी माणसं शेजारी बसतात आणि जिथे पडदा बंद ठेवायचा? इराण्याचं टेबल तेच करायचं. तिसरी, महिन्यातून एखादी संध्याकाळ अशी आहे का, जेव्हा विकण्याव्यतिरिक्त काही घडतं, आणि तेही मराठीत? काव्यवाचन असो, एखाद्या पुस्तकावर वाद असो, वस्तीतल्या पाण्याच्या प्रश्नावर बैठक असो. काही दुकानं हे करतात. ती आम्हाला फळ्यावर मळ्याची उंची लिहिणाऱ्यांपेक्षा मोठी वाटतात.

आणि आपण, म्हणजे ज्यांना २२० रुपये परवडतात ते? पाच तास बसायचं असेल तर दुसरा कप घ्यावा. चौघांचं टेबल एकट्याने अडवू नये. समोर कोणी जागा शोधत उभा असेल, तर बॅग खुर्चीवरून खाली ठेवावी आणि 'बसा ना' म्हणावं. शाहू महाराजांकडे थांबवायला गाडी होती. आपल्याकडे सरकवायला बॅग आहे.

तिसरी जागा तयार मिळत नाही. ती रोज कोणीतरी कोणासाठी तरी करून द्यावी लागते. पुढच्या वेळी कॉफी कशी होती असं कोणी विचारलं, तर त्याच्या शेजारी हेही सांगा, की तुमच्या आसपास कोण बसलं होतं, आणि कोण येऊच शकलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.